सर्व्हर मेमरी खातोय? लीक पकडायचं कसं, पायरीपायरीने

सर्व्हर सुरू केला तेव्हा दीडशे एमबी होता, आठवड्याभरात दोन जीबीवर गेला आणि एका रात्री कर्नलने त्याला मारून टाकलं. लॉगमध्ये एवढंच: आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस. अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर रोज पहाटे रीस्टार्ट करणारा क्रॉन लावून मोकळे होतात, नाहीतर कुठेतरी नाव ऐकलेलं व्हॅलग्राइंड हे मेमरी तपासणारं टूल थेट चालू सर्व्हरवर चढवतात आणि सर्व्हर मान टाकतो म्हटल्यावर नाद सोडतात. पहिल्याने लीक, म्हणजे मागून घेतलेली पण काम संपल्यावर न सोडलेली मेमरी, जात नाही; दुसऱ्याने ती सापडत नाही.

खरं तर टूल चालवणं हा यातला सोपा भाग. अवघड असतं ते मेमरी कशामागे वाढते हे ठरवणं. दर रिक्वेस्टमागे, दर कनेक्शनमागे, दर रीलोडमागे, की फक्त फसलेल्या रिक्वेस्टमागे? याचं उत्तर हातात असेल तर कुठलंही टूल कामाला येतं. नसेल तर प्रत्येक टूल हजारो ओळी ओकतं आणि त्यातली कामाची ओळ कोणती ते कळत नाही. खालच्या पायऱ्यांचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे. उदाहरणं लिनक्सवरची आणि मुख्यतः सी, सी प्लस प्लसमधल्या सर्व्हरची आहेत. गो, जावा, पायथनवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं आहे.

पायरी १: वाढतंय ते नक्की काय?

"फ्री" ही कमांड चालवली आणि त्यातला "फ्री" नावाचाच रकाना तळाला गेलेला दिसला, तर घाबरायचं कारण नाही. रिकामी पडलेली रॅम लिनक्स फाइलींच्या कॅशसाठी वापरतं आणि कोणाला गरज पडली की परत देतं. बघायचा तो "अव्हेलेबल" रकाना.

कंटेनरमध्ये हाच घोळ वेगळ्या रूपात भेटतो. सीग्रुपचा (कर्नल प्रोसेसच्या गटाचा हिशेब ठेवतो ती सोय) "मेमरी.करंट" हा आकडा पेज कॅश धरून असतो. भरपूर लॉग लिहिणारा किंवा फाइली वाचणारा निरोगी सर्व्हरही त्यात चढत जाताना दिसेल, आणि डॅशबोर्डवर बहुधा हाच किंवा याच्याच आसपासचा आकडा लावलेला असतो. शेजारच्या "मेमरी.स्टॅट" फाइलमध्ये "ॲनॉन" आणि "फाइल" अशी फोड मिळते. आपला संशय फक्त ॲनॉनवर, म्हणजे कुठल्याही फाइलशी न जोडलेल्या, प्रोसेसच्या स्वतःच्या मेमरीवर.

आता प्रोसेसकडे या. टॉप किंवा पीएस जो आरएसएस (प्रोसेसची प्रत्यक्ष रॅममध्ये असलेली मेमरी) दाखवतात त्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: प्रोसेसची स्वतःची मेमरी, मॅप केलेल्या फाइली आणि शेअर्ड मेमरी. प्रॉक फोल्डरमधल्या त्या प्रोसेसच्या "स्टेटस" फाइलमध्ये कर्नल ४.५ पासून आरएसएस-ॲनॉन, आरएसएस-फाइल आणि आरएसएस-शेअर्डमेम असे तीन वेगळे आकडे मिळतात. ही फोड न बघता "पोस्टग्रेस लीक होतोय" असं म्हणणारे पुष्कळ. पोस्टग्रेस या डेटाबेसची प्रत्येक बॅकएंड प्रोसेस (कनेक्शनमागे एक) शेअर्ड बफर्स या सामायिक कॅशमधली जी पानं हाताळते ती तिच्या आरएसएसमध्ये मोजली जातात. जुनी कनेक्शनं हळूहळू फुगताना दिसतात, आणि सगळ्यांची बेरीज केली तर मशीनमधल्या रॅमपेक्षाही जास्त भरू शकते. प्रत्यक्षात एकाच मेमरीची ती पुन्हापुन्हा केलेली मोजणी असते. बेरीजच करायची असेल तर पीएसएस घ्या. त्यात सामायिक पानांचा भार वाटून घेतलेला असतो. कर्नल ४.१४ पासून "एसमॅप्स-रोलअप" फाइलमध्ये तो एका ओळीत मिळतो.

आणि स्वॅप, म्हणजे रॅममधून डिस्कवर हलवलेली मेमरी, विसरू नका. लीक झालेल्या मेमरीला पुन्हा कोणी हात लावत नाही, त्यामुळे स्वॅप चालू असेल तर ताण आल्यावर आधी तीच बाहेर ढकलली जाते. आरएसएस सपाट दिसतो आणि लीक मजेत चालू राहतं. म्हणून मोजायचा आकडा म्हणजे आरएसएस-ॲनॉन अधिक व्हीएम-स्वॅप. स्टेटस फाइलमध्ये दोन्ही आहेत.

सगळ्या प्रोसेसची बेरीज नीट जुळते पण मशीनची मेमरी तरी आटतेय? मग स्लॅबटॉप चालवून कर्नलच्या कॅश बघा, टीएमपीएफएसवर (रॅममध्येच राहणाऱ्या फाइलसिस्टमवर) कोणी फाइली रचून ठेवल्या आहेत का ते बघा. तो वेगळा तपास आहे, इथे त्यात शिरत नाही.

पायरी २: आलेख काढा आणि त्याचा आकार वाचा

दर मिनिटाला वेळ, आरएसएस-ॲनॉन आणि व्हीएम-स्वॅपची बेरीज आणि तोवर हाताळलेल्या रिक्वेस्टची संख्या एका फाइलमध्ये टाकत राहणारी चार ओळींची शेल स्क्रिप्ट पुरते. मॉनिटरिंगचा थाटमाट असेल तर उत्तमच, पण नसल्याने काही अडत नाही.

सुरुवातीला चढून मग सपाट झालेली रेघ म्हणजे कॅश भरणं, थ्रेड तयार होणं, कनेक्शन पूल भरणं. हे लीक नव्हे. नवखा माणूस पहिल्या तासाचा चढ बघून बग रिपोर्ट टाकतो आणि मेंटेनर तो बंद करतो, हे ओपन सोर्समध्ये सारखं चालू असतं. करवतीसारखी वरखाली होणारी रेघ गार्बेज कलेक्शन असलेल्या भाषांत स्वाभाविक आहे. तिथे शिखरं सोडून द्या, तळ बघा. तळ वर सरकत असेल तर गोष्ट गंभीर.

सरळ तिरकी रेघ दिसली तर पुढचा प्रश्न: रात्री ट्रॅफिक कमी झाल्यावर उतार, म्हणजे रेघ चढण्याचा वेग, कमी होतो का? होत असेल तर लीक कामामागे आहे. ट्रॅफिक असो नसो, उतार तोच राहत असेल तर टायमर, हेल्थ चेक, मेट्रिक्स गोळा करणारा थ्रेड किंवा डीएनएस पुन्हापुन्हा विचारणारा भाग तपासा. पायऱ्यापायऱ्यांनी चढणारी रेघ असेल तर प्रत्येक पायरीच्या वेळी लॉगमध्ये काय आहे ते पाहा. बऱ्याचदा तिथे सिगहप (कॉन्फिग पुन्हा वाचायला लावणारा सिग्नल) सापडतो: कॉन्फिग रीलोड झाली, नवी रचना बांधली, जुनी सोडायची राहिली. लॉग रोटेशनसोबत रोज रीलोड होणाऱ्या सर्व्हरमध्ये हे लीक वर्षानुवर्षं लपून राहू शकतं, कारण दिवसाला एक छोटी पायरी कोणाच्या नजरेत भरत नाही.

पायरी ३: ॲलोकेटरवरचा संशय आधी फेडून घ्या

प्रोग्रामने फ्री हे फंक्शन बोलावून मेमरी सोडली म्हणजे ती लगेच कर्नलकडे परत जाते असं नाही. ती आधी ॲलोकेटरकडे, म्हणजे प्रोग्रामला मेमरी वाटून देणाऱ्या लायब्ररीकडे, जाते, आणि ॲलोकेटर ती पुढच्या मागणीसाठी धरून ठेवू शकतो. जीलिबसी या लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीचा मॅलॉक थ्रेडमधली भांडणं टाळण्यासाठी अनेक अरीना (मेमरीचे वेगवेगळे साठे) बनवतो. ६४ बिट मशीनवर त्यांची मर्यादा कोअरच्या संख्येच्या ८ पट असते. म्हणजे ३२ कोअरच्या मशीनवर २५६ अरीनांपर्यंत मजल जाऊ शकते, आणि प्रत्येकात थोडी थोडी अडकलेली रिकामी जागा. पीमॅपमध्ये (प्रोसेसच्या मेमरीचा नकाशा दाखवणारी कमांड) ६५५३६ केबीचे पुष्कळ सारखे तुकडे दिसले तर हेच चाललं आहे असं समजा. मात्र ते बहुतांश नुसते राखून ठेवलेले पत्ते असतात. प्रत्यक्ष किती भरले आहे ते त्याच ओळीतल्या आरएसएस रकान्यात बघा.

तपासणी सोपी आहे. "मॅलॉक_अरीना_मॅक्स" हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल २ वर ठेवून सर्व्हर चालवा, किंवा एलडी-प्रीलोडने जेईमॅलॉक हा दुसरा ॲलोकेटर घालून चालवा. रेघ सपाट झाली तर तो फ्रॅगमेंटेशनचा (सोडलेली जागा तुकड्यातुकड्यांत अडकण्याचा) मामला होता, कोडमध्ये शोधत बसू नका. उतार तसाच राहिला तर ॲलोकेटर सुटला. टेस्ट मशीनवर जीडीबी हा डीबगर जोडून "मॅलॉक_ट्रिम" (रिकामी जागा कर्नलला परत देणारं फंक्शन) बोलावणं हाही एक मार्ग आहे. चालू सर्व्हरवर मात्र नको. जीडीबी जोडलं की प्रोसेस थांबते, आणि एखादा थ्रेड मॅलॉकच्या आतच असेल तर ती तिथेच अडकून बसू शकते.

रेडिस या मेमरीत डेटा ठेवणाऱ्या सर्व्हरमध्ये हा प्रश्न त्याने स्वतःच सोडवून ठेवला आहे. "इन्फो मेमरी" दिलं की यूज्ड-मेमरी आणि यूज्ड-मेमरी-आरएसएस असे दोन्ही आकडे येतात. दुसराच वाढतोय आणि पहिला स्थिर, तर फ्रॅगमेंटेशन. पहिलाही वाढतोय तर कोणीतरी मुदत न लावता नव्या नोंदी (कीज) भरतोय, किंवा एखाद्या संथ क्लायंटचा आउटपुट बफर तुंबलाय. रेडिसचं "लीक" बहुतेक वेळा यांपैकीच काहीतरी निघतं.

पायरी ४: घरी उभं करा, आणि एका वेळी एकच गोष्ट

इथे वेळ घालवा. लीक पकडण्यातलं निम्म्याहून जास्त यश याच पायरीत आहे.

प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या वापरातल्या सर्व्हरवर, आहे तीच आवृत्ती, तीच कॉन्फिग, पण वर्कर (रिक्वेस्ट हाताळणारी प्रोसेस) एकच आणि सर्व्हर फोरग्राउंडमध्ये. एनजिनएक्समध्ये त्यासाठी डीमन आणि मास्टर-प्रोसेस हे दोन्ही निर्देश "ऑफ" ठेवता येतात. हे फक्त तपासापुरतं. बिल्ड करताना डीबग सिम्बॉल ठेवा आणि फ्रेम पॉइंटर काढू नका, नाहीतर पुढे स्टॅक ट्रेसमध्ये (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याची यादी) अर्ध्या ओळी प्रश्नचिन्हांच्या मिळतील.

मग आधी वॉर्मअप द्या: काही हजार रिक्वेस्ट, म्हणजे कॅश आणि पूल भरून जातील. तिथला आकडा टिपा. आता एच२लोडसारख्या, रिक्वेस्टची संख्या ठरवून देता येणाऱ्या लोड जनरेटरने एकाच प्रकारच्या १ लाख रिक्वेस्ट मारा. पुन्हा आकडा टिपा. समजा २४ एमबी वाढली. भागाकार केला की रिक्वेस्टमागे साधारण २५० बाइट. पुन्हा १ लाख मारा. पुन्हा सुमारे २४ एमबी वाढली तर आकडा पक्का. दुसऱ्या वेळी ३ एमबीच वाढली तर वॉर्मअप कमी पडला होता, एवढंच.

हा रिक्वेस्टमागचा आकडा फार बोलका असतो. २५० बाइट म्हणजे एखादं छोटं स्ट्रक्चर किंवा एखादी स्ट्रिंग. १६ केबी म्हणजे कुठलातरी आयओ बफर. काहीशे केबी असेल तर अख्खं कनेक्शन सुटत नाहीये असं समजा, आणि मग मेमरीच्या आधी उघडे फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइली आणि सॉकेट यांचे क्रमांक) मोजा. ते प्रॉकच्या "एफडी" फोल्डरमध्ये दिसतात. मेमरीसोबत तेही वाढत असतील तर काम अर्धं झालं, कारण सॉकेट कुठल्या पत्त्याशी जोडलेला आहे हे एसएस कमांड सांगते आणि त्यावरून कोडचा भाग ओळखता येतो.

आता प्रकार बदला. साधी यशस्वी रिक्वेस्ट झाली, तर पुढे सापडत नसलेल्या पानाची रिक्वेस्ट, मग अर्ध्यात तोडलेलं कनेक्शन, बिघडलेला हेडर, फसलेला टीएलएस हँडशेक (सुरक्षित कनेक्शन जोडतानाची बोलणी), टाइमआउट झालेला बॅकएंड, हजार वेळा सिगहप. प्रत्येकाचा वेगळा उतार टिपा. यशस्वी वाटेवर कोड लिहिणाऱ्याची आणि टेस्टची नजर रोजच असते. फसलेल्या वाटेवर कोणी जात नाही, आणि लीकही बहुतांशी तिथेच बसतं. फंक्शनमध्ये वर तीन गोष्टी मागून घेतल्या, चौथी मिळाली नाही म्हणून मध्येच रिटर्न केलं, आधीच्या तीन तशाच राहिल्या. सी मधला बहुधा सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत जास्त भेटणारा लीक हाच.

मॉड्यूल असलेला सर्व्हर असेल तर निम्मी मॉड्यूल बंद करून तोच प्रयोग करा. मग उरलेल्यांतली निम्मी. काही फेऱ्यांतच संशयित एकटा पडतो, आणि पुष्कळदा तो मूळ प्रकल्पाचा नसून कोणा तिसऱ्याने लिहिलेलं प्लगइन निघतो. बग कोणाकडे नोंदवायचा ते इथेच ठरतं.

जुनी आवृत्ती ठीक होती आणि नवी गळते असं असेल तर दुधात साखर. उतार मोजून ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तर १, नाहीतर ० परत करणारी स्क्रिप्ट लिहा आणि "गिट बायसेक्ट रन"च्या हवाली करा, जे मधल्या कमिट निम्म्या-निम्म्या करत दोषी शोधतं. जी कमिट बिल्डच होत नाही तिच्यासाठी १२५ परत करा, म्हणजे गिट ती वगळून पुढे जातं. हजार कमिट असल्या तरी दहाएक फेऱ्यांत दोषी कमिट हाती येते. स्क्रिप्ट लावा आणि जेवायला जा.

पायरी ५: आता टूल

पहिली पसंती लीक सॅनिटायझर. जीसीसी किंवा क्लँगने "एफसॅनिटाइझ" पर्यायाला "ॲड्रेस" देऊन सर्व्हर बिल्ड केला की लिनक्सवर ॲड्रेस सॅनिटायझरसोबत हेही येतं. वेग साधारण निम्म्यावर येतो, म्हणजे खरा लोड टाकता येतो. व्हॅलग्राइंडच्या मेमचेकमध्ये प्रोग्राम १० ते ३० पट संथ होतो, आणि टाइमआउटवर जगणाऱ्या सर्व्हरमध्ये तेवढ्याने वागणूकच बदलते. पुन्हा बिल्ड करणं शक्य नसेल तेव्हा मात्र व्हॅलग्राइंडला तोड नाही: आहे तीच बायनरी चालते. नुसत्या फोर्क झालेल्या वर्करमागे ते आपोआप जातं; वर्कर एक्झेकने वेगळा प्रोग्राम म्हणून सुरू होत असतील तर "ट्रेस-चिल्ड्रेन" चालू करा.

दोन्ही टूल्स आपला अहवाल प्रोसेस नीट संपताना देतात. किल -९ मारलं तर काहीच मिळणार नाही. सिगटर्म हाताळून व्यवस्थित बाहेर पडणारा सर्व्हर हवा. तसं नसेल तर कोडमध्ये "एलसॅन_डू_रिकव्हरेबल_लीक_चेक" हे फंक्शन एखाद्या सिग्नलवर बोलावायची सोय तपासापुरती करून घ्या. आणि सॅनिटायझर जीडीबी किंवा एसट्रेसच्या खाली चालवू नका, लीक तपासणी तिथे चालत नाही.

व्हॅलग्राइंडच्या अहवालात चार गट असतात. "डेफिनिटली लॉस्ट" म्हणजे त्या तुकड्याकडे बोट दाखवणारा एकही पॉइंटर उरलेला नाही. इथून सुरुवात करा. "इनडायरेक्टली लॉस्ट" त्याच्या पोटातले. वरचा सुटला की हे आपोआप सुटतात, त्यांच्या मागे लागू नका. "पॉसिबली लॉस्ट" म्हणजे पॉइंटर तुकड्याच्या मधोमध कुठेतरी रोखलेला आहे. आणि "स्टिल रीचेबल" म्हणजे पॉइंटर शाबूत आहे, फक्त सोडलं नाही. बहुतेक मार्गदर्शक हा शेवटचा गट दुर्लक्षित करा म्हणतात. सर्व्हरच्या बाबतीत तो सल्ला अर्धाच बरोबर. सुरुवातीला एकदा मागून ठेवलेली मेमरी असेल तर दुर्लक्ष करा. पण ज्या हॅश टेबलमध्ये दर क्लायंटची नोंद पडते आणि कधीच काढली जात नाही, ते टेबलही तांत्रिकदृष्ट्या "रीचेबल"च असतं. लीक सॅनिटायझर त्यावर चकार शब्द काढत नाही. अहवाल स्वच्छ आणि आलेख तिरका असा प्रकार दिसला की हेच समजायचं, आणि मॅसिफ किंवा हीपट्रॅक ही मेमरी प्रोफायलर टूल्स चालवायची. ते सोडलेलं-न-सोडलेलं न बघता कुठल्या क्षणी कोणाच्या नावावर किती मेमरी आहे ते सांगतात.

अहवाल वाचायची खूण एकच, ती लक्षात ठेवा: तुकड्यांची संख्या. १ लाख रिक्वेस्ट मारल्या आणि एका स्टॅकपुढे "१००००० ऑब्जेक्ट्स" लिहिलं आहे, तर तोच चोर. पुढेमागे दोन-चार ऑब्जेक्टचे डझनभर अहवाल असतील, ते आज बाजूला ठेवा. म्हणून रिक्वेस्टची संख्या गोल आणि माहीत असलेली घ्यायची.

एक अडचण आधीच सांगतो. एनजिनएक्स, अपाची हे सर्व्हर मेमरी थेट मॅलॉककडून तुकड्यातुकड्याने घेत नाहीत. पूलमधून (एकदम घेतलेल्या मोठ्या साठ्यातून) घेतात, आणि रिक्वेस्ट संपली की अख्खा पूल सोडतात. त्यामुळे रिक्वेस्टपातळीचे लीक मुळातच कमी. पण चुकून जास्त आयुष्याच्या पूलमधून मागणी झाली, म्हणजे रिक्वेस्टच्या कामासाठी कनेक्शनचा किंवा कॉन्फिगचा पूल वापरला, तर तो पूल जिवंत असेपर्यंत फुगत राहतो आणि टूलला त्यात काहीच गैर दिसत नाही. अपाचीच्या एपीआर लायब्ररीला पूल डीबगचा पर्याय देऊन बिल्ड करता येतं. पोस्टग्रेसमध्ये पूलच्या जागी मेमरी कॉन्टेक्स्ट असतात, आणि आवृत्ती १४ पासून "पीजी_लॉग_बॅकएंड_मेमरी_कॉन्टेक्स्ट्स" या फंक्शनला बॅकएंडचा पीआयडी दिला की कुठल्या कॉन्टेक्स्टमध्ये किती साठलंय ते सर्व्हर लॉगमध्ये उतरतं. एचएप्रॉक्सीला त्याच्या सॉकेटवर "शो पूल्स" विचारा. प्रकल्पाने स्वतःची खिडकी ठेवली असेल तर आधी तिथून डोकवावं, टूल नंतर.

पायरी ६: जे फक्त प्रॉडक्शनवरच दिसतं

कधी कधी घरी काही केल्या उतार येत नाही. मग चालू सर्व्हरवरच, पण हलक्या हाताने. प्रोफायलिंग चालू ठेवून बिल्ड केलेला जेईमॅलॉक हा माझ्या मते सर्वांत सुटसुटीत मार्ग. तो प्रत्येक मागणी टिपत नाही, नमुने घेतो, डीफॉल्टमध्ये सरासरी दर ५१२ केबीमागे एक. त्यामुळे भार कमी पडतो. सकाळी एक डंप, संध्याकाळी दुसरा, आणि त्याच्या सोबतच्या जेईप्रॉफ टूलला पहिला डंप "बेस" म्हणून दिला की फक्त मधली वाढ दिसते. नुसता एक डंप बघून निष्कर्ष काढू नका. त्यात सर्वांत मोठा दिसणारा बहुधा प्रामाणिक कॅशच असतो.

रीस्टार्टही करता येत नसेल तर बीसीसी या टूलसंचातलं "मेमलीक" टूल चालत्या प्रोसेसला जोडता येतं. ते मागितलेल्या पण न सोडलेल्या मेमरीचे स्टॅक ठरावीक वेळाने छापतं. प्रत्येक मॅलॉकवर त्याचा हुक बसतो, म्हणून गर्दीच्या वेळी नको, आणि नमुना घेण्याचा पर्याय वापरा. कोअर डंप (प्रोसेसच्या मेमरीची फाइलमधली प्रत) घेणार असाल तर त्यात पासवर्ड, कुकी आणि खाजगी की सगळं असतं हे ध्यानात ठेवून तो जपा. बग रिपोर्टला तो जोडायचा नाही, अजिबात.

पायरी ७: स्टॅक मिळाला, आता गुन्हेगार कोण?

स्टॅक ट्रेस मेमरी कुठे मागितली ते सांगतो. कुठे सोडायची राहिली, ते नाही. नवखे इथेच फसतात, म्हणून एक उदाहरण जवळून बघू.

क्लायंटचं सर्टिफिकेट तपासणारा एक टीएलएस सर्व्हर आहे. लीक सॅनिटायझर म्हणतो: डायरेक्ट लीक, १००००० ऑब्जेक्ट्स. स्टॅकमध्ये वर मॅलॉक, खाली ओपनएसएसएल या टीएलएस लायब्ररीचं सर्टिफिकेट उलगडणारं फंक्शन, त्याखाली हँडशेक, आणि अगदी तळाशी आपल्या सर्व्हरची एक ओळ: एसएसएल_ॲक्सेप्ट. शिवाय त्याच सर्टिफिकेटच्या पोटातले नाव, पब्लिक की, तारखा असे इनडायरेक्ट लीक पानभर. बघणारा म्हणतो, हे तर ओपनएसएसएलचं लीक. आणि तिकडे बग टाकून येतो.

आता या लायब्ररीत सर्टिफिकेट रेफरन्स मोजून, म्हणजे ते किती जणांनी धरलंय ते मोजून, सांभाळलं जातं. मोजणी शून्यावर आली की ते सुटतं. हँडशेक झाल्यावर सर्व्हरचा कोड दुसऱ्याच कुठल्यातरी फाइलमध्ये "एसएसएल_गेट_पीअर_सर्टिफिकेट" बोलावतो, नाव वाचतो, लॉगमध्ये टाकतो आणि पुढे जातो. हे फंक्शन नवी मेमरी मागत नाही, फक्त मोजणी एकाने वाढवतं. म्हणून ते स्टॅकमध्ये कुठेच येत नाही. पण त्यानंतर "एक्स५०९_फ्री" बोलावलं नाही तर कनेक्शन बंद झाल्यावरही मोजणी एकवर अडते आणि सर्टिफिकेट तसंच राहतं. ओपनएसएसएल ३.० मध्ये याच फंक्शनला "गेट१" असं नाव देऊन सोबत "गेट०" हा भाऊ आणला. त्या लायब्ररीच्या रिवाजात १ असेल तर रेफरन्स तुमच्या नावावर, सोडायची जबाबदारी तुमची. ० असेल तर वस्तू उसनी, हात लावू नका. पायथनचं सी एपीआय, कर्नल, जीलिब, सगळीकडे हीच शिस्त वेगवेगळ्या नावांनी असते.

तर रेफरन्स मोजणाऱ्या कुठल्याही वस्तूचं लीक दिसलं की स्टॅकच्या मागे न जाता त्या प्रकारची वस्तू हाताळणाऱ्या प्रत्येक जागेची यादी काढा. "गिट ग्रेप" पुरतं. प्रत्येक घेणाऱ्यासमोर सोडणारा आहे का, आणि मधल्या प्रत्येक रिटर्नवर आहे का, ते बोट ठेवून वाचा. वरच्या उदाहरणात फ्री शेवटी लिहिलेलंही असतं कित्येकदा. फक्त नाव जुळलं नाही तर आधीच रिटर्न होणारी एक ओळ मध्ये असते. पायरी ४ मध्ये "फसलेली रिक्वेस्ट" वेगळी मोजली असेल तर ही ओळ शोधायला पाच मिनिटं लागतात.

गो, जावा, पायथन, नोड

गार्बेज कलेक्टर असला तरी लीक होतं. फक्त ते कायम "रीचेबल" प्रकारचं असतं: कोणीतरी धरून ठेवलंय, आणि तो कोण हे शोधायचं. गोमध्ये पीप्रॉफ या प्रोफायलरचे दोन हीप (चालताना मागितलेली मेमरी) प्रोफाइल घेऊन फरक बघा, आणि त्याच्याही आधी गोरूटीनची (गोच्या हलक्या थ्रेडची) संख्या बघा. ती चढत असेल तर कोणीतरी चॅनलवर कायमचा वाट बघत बसलाय, आणि त्याने धरलेलं सगळं त्याच्यासोबत. गोच्या १.१२ ते १.१५ या आवृत्त्या लिनक्सवर सोडलेली मेमरी कर्नलला अशा पद्धतीने परत देत की ताण येईपर्यंत आरएसएस उतरतच नसे. जुन्या सर्व्हरवर त्यावरून गैरसमज करून घेऊ नका, १.१६ मध्ये ते बदललं.

जावामध्ये जेसीएमडीने हीप डंप घ्या आणि एक्लिप्स मॅट या टूलमध्ये डॉमिनेटर ट्री (कोणती वस्तू किती मेमरी धरून आहे ते) उघडा. हीप सपाट असून प्रोसेस वाढत असेल तर नेटिव्ह मेमरी ट्रॅकिंग चालू करून बेसलाइन आणि फरक बघा. पायथनमध्ये ३.४ पासून ट्रेसमॅलॉक हे मॉड्यूल आहे. दोन स्नॅपशॉटची तुलना केली की ओळ क्रमांकासकट वाढ दिसते, पण सी एक्स्टेन्शनने परस्पर मॅलॉककडून घेतलेली मेमरी त्याला दिसत नाही. तिथे मेमरे हे प्रोफायलर चांगलं. नोडमध्ये एकाच इव्हेंटला १० पेक्षा जास्त लिसनर झाले की येणारी वॉर्निंग लोक मर्यादा वाढवून गप्प करतात. ती करू नका, ती खरंच बोलत असते.

पायरी ८: रिपोर्ट, पॅच आणि त्यानंतर

बग टाकण्याआधी प्रकल्पाच्या ताज्या स्थिर आवृत्तीवर तोच प्रयोग करा आणि चेंजलॉगमध्ये "लीक" शब्द शोधा. बऱ्याचदा तो आधीच सुटलेला असतो. रिपोर्टमध्ये नेमकी आवृत्ती, बिल्डचे पर्याय, जेवढ्यात लीक दिसतं तेवढीच छाटलेली कॉन्फिग, लोड मारणारी कमांड, रिक्वेस्टमागचे बाइट आणि सॅनिटायझरचा तो एक स्टॅक. "मेमरी खूप वाढते" एवढ्यावर मेंटेनर काही करू शकत नाही. "या कॉन्फिगमध्ये प्रत्येक फसलेल्या हँडशेकमागे इतके बाइट, ही कमांड" म्हटलं की तो स्वतः पाच मिनिटांत बघू शकतो.

पॅच येईपर्यंत मलमपट्टी करायला लाजू नका. अपाचीत "मॅक्स-कनेक्शन्स-पर-चाइल्ड" आणि गनिकॉर्न या पायथन सर्व्हरमध्ये "मॅक्स-रिक्वेस्ट्स" याचसाठी आहेत: ठरावीक कामानंतर वर्कर बदला. फक्त तसं केल्याची नोंद बगच्या दुव्यासकट कॉन्फिगमध्येच लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या माणसाला ती ओळ का आहे हे कळणार नाही आणि काढायची हिंमत होणार नाही.

पॅच तुम्हीच लिहिलात तर तीच कमांड, त्याच १ लाख रिक्वेस्ट पुन्हा मारा आणि रेघ सपाट झाल्याचं बघा. पण तेवढ्यावर थांबू नका. लीक बंद करण्यासाठी एक फ्री वाढवणं म्हणजे कुठल्यातरी वाटेवर तीच वस्तू दोनदा सोडली जाण्याची किंवा सोडल्यावर वापरली जाण्याची शक्यता निर्माण करणं, आणि ते लीकपेक्षा कितीतरी वाईट. लीकने सर्व्हर आठवड्याने पडतो, दोनदा सोडण्याने तो फोडता येतो. म्हणून पायरी ४ मधले सगळे प्रकार, तुटलेली कनेक्शनं आणि रीलोडसकट, ॲड्रेस सॅनिटायझरच्याच बिल्डवर पुन्हा चालवा. ती स्क्रिप्ट पॅचसोबत प्रकल्पाच्या टेस्टमध्येही द्या.